शुक्रवारचा आकडा

पोटाच्या ताई कुठे बसतात असं विचारलं की त्या रुग्णालयातला लिफ्टवालासुद्धा मान न वळवता सांगायचा: दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली, दार उघडंच असतं. नाव विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. पोटाच्या म्हणजे खरं तर आतड्याच्या. आतड्याला सूज येते, आतून जखमा होतात, रक्त जातं, औषधांनी सगळं दबतं आणि सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा डोकं वर काढतं, असला चिवट आजार. त्याचे साडेतीनशे लोक तिच्या वहीत होते. मोठे डॉक्टर त्यांना तीन महिन्यांतून एकदा, दहा मिनिटं भेटत. बाकीचे दिवस ते सगळे ताईच्या फोनच्या भरवशावर काढत.

आणि फोनवर काय काय सांगत! कुणी मुलाखत अर्धी टाकून पळालेला असायचा, कुणी नवऱ्याच्या नकळत पहाटे चादरी धुतलेल्या असायच्या, कुणी महिनाभर नुसत्या पेजेवर असायचं आणि घरी मात्र वजन कमी करतोय म्हणून सांगायचं. बायकोला, नवऱ्याला, सख्ख्या आईला सांगताना जीभ अडखळते ते लोक तिला घडाघडा सांगत. कारण ती ‘अगंबाई’ म्हणत नसे आणि ‘अरेरे’ही म्हणत नसे. दूधवाल्याने किती लिटर विचारावं तशा आवाजात ती विचारायची, “किती वेळा?” त्या आवाजानेच निम्म्या लोकांना धीर यायचा.

तो पहिला प्रश्न. एकूण प्रश्न सात. दिवसात किती वेळा जावं लागतं, रक्त जातं का, रात्री उठावं लागतं का, ताप आहे का, नाडी किती, पोट मऊ आहे की ताठ, जेवण जातं का. अकरा वर्षांपूर्वी हे काम तिच्याकडे आलं तेव्हा तिनेच पट्टी घेऊन वहीत सात रकाने आखले होते. नव्या मुली शिकायला आल्या की ती त्यांना दम भरायची. “सातही विचारायचे. ओळखीचा आवाज असला तरी विचारायचे. समोरचा हसत असला तर दोनदा विचारायचे. या आजाराची माणसं फार गोड खोटं बोलतात.”

आता हे सगळं जिला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं, तिनेच एका शुक्रवारी ते विचारलं नाही. का विचारलं नाही, तेही ऐका. पण ती सबब आहे असं समजू नका. तिनेही तसं कधी समजलं नाही.

क्रेनवाला तिच्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक. उंच इमारतींच्या बांधकामावर जी मनोऱ्यासारखी क्रेन असते, तिच्या टोकाला एक काचेची खोली असते. त्यात बसून तो लोखंड उचलायचा. वर जायला दोनशे दहा पायऱ्यांची उभी शिडी. आतड्याचा आजार आणि शौचालयापासून दोनशे दहा पायऱ्या! पहिल्या भेटीत त्याने हे सांगितलं तेव्हा ताई लिहायची थांबली. तोच म्हणाला, “चढताना माणूस असतो हो, ताई. उतरताना रॉकेट होतो.” ती खुर्चीत मागे रेलून हसली होती. पेशंटसमोर असं हसायचं नसतं, पण हसली. तेव्हापासून त्या दोघांचं जमलं. तो वरूनच फोन करायचा आणि ती विचारायची, “बोला क्रेनवाले, वरून आज काय दिसतंय?”

गेले आठ महिने मात्र वरून काही दिसत नव्हतं. आजार हटायला तयार नव्हता. कंपनीने त्याला खाली उतरवून स्टोअरमध्ये नटबोल्ट लावायला बसवलं होतं. माणूस वाळला. आवाजातली गंमत तेवढी सोडली नव्हती. आणि आता त्याची पुन्हा तपासणी ठरली होती, कंपनीच्या डॉक्टरकडे, पुढच्या गुरुवारी. पास झाला तर परत वर. नाही तर त्याची क्रेन एका नव्या पोराला कायमची द्यायची, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

तपासणीच्या आदल्या आठवड्यातल्या बुधवारी तो बाह्यरुग्ण विभागात आला तो भिंतीला हात लावत लावत. दिवसाला अकरा वेळा. रक्त. मोठ्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, कागद पाहिले आणि म्हणाले, “आजच भरती व्हा.”

क्रेनवाल्याने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. त्याने ताईकडे पाहिलं. बायको शेजारी उभी होती, तीही ताईकडेच बघत राहिली. भरती म्हणजे निदान दहा दिवस. गुरुवार गेला, क्रेन गेली.

ताई म्हणाली, “सर, गोळ्या वाढवून दोन दिवस घरी बघू या का? मी रोज फोन करीन. मी यांना ओळखते.”

“ओळखता म्हणूनच भीती वाटते, सिस्टर,” डॉक्टर म्हणाले. ते रागावले नव्हते, पण त्यांना ते पटलंही नव्हतं. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं. “शुक्रवार सकाळ. आकडा निम्म्यावर आला नसेल तर सरळ इथे आणायचं. आणि मला नुसता आकडा नको, सगळं पाहिजे. तुमच्या शब्दावर सोडतोय.”

“माझी जबाबदारी,” ताई म्हणाली.

बाहेर आल्यावर बायकोने तिचा हात धरला. “ताई, तुम्ही होतात म्हणून,” एवढंच म्हणाली. अशा वेळी माणूस किती फुगतं! ताई संध्याकाळी घरी गेली ती गाणं गुणगुणत. तिची आई म्हणाली, “आज कुणाचं पोट साफ झालं?” आई तशीच बोलायची. अकरा वर्षं मुलीच्या तोंडून जेवणाच्या टेबलावर आतड्यांच्या गोष्टी ऐकून तिची भीड चेपली होती.

गुरुवारी ताईने फोन केला. आकडा नऊ. सातही प्रश्न विचारले. नाडी त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजली, ब्याऐंशी. पोट मऊ. वहीत सात खुणा झाल्या.

शुक्रवारी सकाळी खोलीत पाय ठेवला तेव्हाच फोन वाजत होता. चौदा निरोप पडले होते. एक बाई इंजेक्शन फ्रीजबाहेर राहिलं म्हणून रडत होती. दारात एक जण औषधाची चिठ्ठी हलवत उभा होता. या सगळ्यात ताईने आधी क्रेनवाल्यालाच फोन लावला, कारण रात्रभर तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हा आकडा नऊचा दहा झाला असता तर तिला डॉक्टरांसमोर पडलेलं तोंड घेऊन जावं लागलं असतं, आणि त्याची क्रेन गेली असती. दोन्ही गोष्टी तिला सारख्याच लागल्या असत्या, हे मान्य करायला तिला पुढे बरेच दिवस लागले.

“बोला क्रेनवाले. किती वेळा?”

“चार.”

“चार? चौदा नाही ना?”

“चार, ताई.”

“रक्त?”

“अगदी थोडं.”

“अहो, काय सांगता!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली की दारातला चिठ्ठीवाला दचकला. “चार! अहो, तुम्ही तर कमाल केलीत. जिंकलो आपण! वहिनींना द्या फोन. नको, राहू दे, मीच नंतर बोलते. चार!”

“हो ना,” क्रेनवाला म्हणाला. मग जरा थांबला. “ताई, ते एक…”

“आता एक नाही आणि दोन नाही. गोळ्या तशाच चालू ठेवायच्या, पाणी प्यायचं, आणि पुढच्या गुरुवारी छाती काढून जायचं. दुसरा फोन वाजतोय हो, ठेवू का?”

“ठेवा, ठेवा,” तो म्हणाला.

तिने ठेवला. लगेच वही ओढली. पहिल्या रकान्यात चार लिहिलं, दुसऱ्यात किंचित. आणि मग हात थांबलाच नाही. पुढच्या पाचही रकान्यांत तो सराईतपणे पुढे गेला. रात्री उठणं, नाही. ताप, नाही. नाडी, ब्याऐंशी. पोट, मऊ. जेवण, ठीक. कालचेच शब्द. तिने ते खोटं म्हणून लिहिलं नव्हतं. अकरावरून चारवर आलेल्या माणसाचं पोट दुसरं कसं असणार, असं तिला वाटलं, किंवा काही वाटलंच नाही. जिन्यात मोठे डॉक्टर भेटले. तिने चार बोटं वर केली. ते हसले, त्यांनी मान डोलावली आणि वर गेले.

आता जे ताईला माहीत होतं, जे ती शिकायला येणाऱ्या मुलींना फळ्यावर चित्र काढून सांगायची, ते असं. आतडं सुजून सुजून अगदीच हरलं की ते हलायचं थांबतं. आतलं आतच साचतं. पोट फुगतं, ताठ होतं, नाडी धावते. बाहेर येणारं मात्र कमी होतं. म्हणजे आकडा उतरतो. वाढवलेल्या गोळ्या दुखणं झाकतात, ताप झाकतात, त्यामुळे माणसालाही वाटतं, सुटलो. बरा होणारा चार वेळा जातो आणि फुटायला आलेलाही चार वेळा जातो. दोघांमधला फरक पाचव्या आणि सहाव्या प्रश्नात असतो.

रविवारी दुपारी बायको त्याला घेऊन तातडीच्या विभागात आली. शर्टाची बटणं लागत नव्हती इतकं पोट वर आलं होतं. आतडं फुटलेलं होतं. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी मोठं आतडं सबंध काढलं, लहान आतड्याचं टोक पोटातून बाहेर आणलं आणि त्यावर पिशवी लावली. चार दिवस तो नळ्यांमध्ये होता. वाचेल की नाही, हे पहिले दोन दिवस कुणी छातीठोक सांगत नव्हतं.

ताईला सोमवारी सकाळी वॉर्डच्या यादीत कळलं. नाव वाचलं आणि तिला वाटलं, दुसराच कुणी असेल. मग ती खोलीत आली, दार लावलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा लावलं, आणि वही उघडली. शुक्रवारच्या ओळीत सात खुणा होत्या. एकेक नीट, वळणदार. आणि तिच्या कानात ते वाक्य वाजायला लागलं, ताई, ते एक. काय होतं ते एक?

तो वाचला. दुसऱ्या आठवड्यात बैठक झाली, अशी एखादी गोष्ट घडली की होते तशी. मोठे डॉक्टर, शस्त्रक्रियेचे डॉक्टर, कार्यालयातल्या एक बाई आणि ताई. वही टेबलावर मधोमध होती. कार्यालयातल्या बाईंनी चष्मा लावून ओळ मोठ्याने वाचली. “शुक्रवार. चार वेळा. नाडी ब्याऐंशी. पोट मऊ.”

“सिस्टरनी सगळं विचारलंय,” मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं सरळ दिसत होतं. “पेशंटने सांगितलं नाही. गुरुवारच्या तपासणीसाठी लपवलं असणार. होतं असं. आपण फोनमधून पोट दाबू शकत नाही.”

ताईने तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण कार्यालयातल्या बाई तिच्याकडे कौतुकाने बघत म्हणाल्या, “इतकी व्यवस्थित वही आम्हाला दुसऱ्या कुठल्या विभागात बघायला मिळत नाही.” आणि ताईने तोंड मिटलं. काय म्हणावं अशा बाईला? आयुष्यभर लोकांना सांगत आली, लाजू नका, सांगून टाका, सांगितलं की हलकं वाटतं. स्वतःवर आलं तेव्हा दातखीळ बसली.

कागदावर शेवटी एक वाक्य राहिलं: रुग्णाने लक्षणे सांगितली नाहीत. डॉक्टरांनी तेच बायकोला वॉर्डच्या बाहेर, समजूत घालायच्या सुरात सांगितलं. आपल्याकडून काही राहिलं नाही, असंही म्हणाले.

या रुग्णालयात पिशवीचं कामही ताईच्याच गळ्यात होतं. पेशंट घरी गेला की पहिले काही आठवडे जाऊन पिशवी बदलायला शिकवायचं, कातडी तपासायची. त्यामुळे क्रेनवाल्याच्या घरी जाणं आलंच. पहिल्या खेपेला सांगायचं ठरवून गेली आणि कातडीबद्दल बोलून परत आली. दुसऱ्या खेपेलाही तेच. दोन्ही वेळा तिने एक ऐकलं. बायको नवऱ्याशी बोलत होती ती सगळी टाकून. “तोंडाने सांगितलं असतंत तर ही वेळ आली असती?” “ताईंना फसवलंत. ज्या बाईने तुमच्यासाठी शब्द टाकला तिला फसवलंत!” आणि तो मान खाली घालून ऐकून घेत होता. ताई समोर बसून पिशवीचं भोक कापत होती.

घरी आईने दोन आठवडे बघितलं आणि एका संध्याकाळी म्हणाली, “काय ते एकदा बोलून टाक, नाही तर गप्प बस. पण माझी भांडी आपटू नकोस.”

ताईने सांगितलं. सगळं, पहिल्यांदा, सिंकसमोर उभी राहून. आईने हातातलं ताट फडक्याने पुसून ठेवलं. मग म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? माझं आतडं शाबूत आहे.”

तिसऱ्या खेपेला ताई गेली तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. क्रेनवाला खिडकीजवळच्या पलंगावर टेकून बसला होता. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, तीही मधूनच तुटलेली. तिने हातमोजे घातले, जुनी पिशवी वरून खाली हळूहळू सोडवली, भोवतीची कातडी कोमट पाण्याने पुसली. आतड्याचं ते लाल टोक आता आटलं होतं. तिने मापाची पट्टी धरली. चौतीस मिलिमीटरचं तीस झालं होतं.

“बारीक झालंय,” ती म्हणाली. “चांगलं आहे.”

“घरातलं सगळंच बारीक झालंय,” तो म्हणाला.

तिने पट्टी खाली ठेवली. हातमोजे तसेच होते. “क्रेनवाले, मला तुम्हाला एक सांगायचंय. शुक्रवारी मी तुम्हाला नाडी विचारली नाही. पोट विचारलं नाही. आकडा ऐकला आणि मी नाचायला लागले. आणि वहीत लिहून ठेवलं की विचारलं. नाडी ब्याऐंशी, पोट मऊ. ते गुरुवारचं होतं. मी विचारलंच नव्हतं.”

तो तिच्याकडे बघत होता. दचकला नाही.

“मला माहीत आहे, ताई,” तो म्हणाला. “फोनवर मीच होतो ना?”

तिने पट्टी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“पोट रात्रीपासूनच ताठ होतं,” तो हळू आवाजात म्हणाला, स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून. “ढोलासारखं. मी सांगणारच होतो. तोंडात आलं होतं. पण तुम्ही इतक्या खूश झालात हो. इतक्या की मला बोलवेना. वाटलं, जिला एवढा आनंद झालाय तिला कशाला… मग वाटलं, ताई ओळखतात आपल्याला. काही असतं तर त्यांनी विचारलं असतं.”

ताईने डोळे मिटले. मोठ्या डॉक्टरांनी ओरडून सांगितलं असतं, नोकरीवरून काढलं असतं, तरी तिला इतकं लागलं नसतं. तिचा आनंदच मधे आला होता. अकरा वर्षं लोकांना बोलतं करणारी ती, आणि एका माणसाला तिने हसून गप्प केलं होतं.

“मग मी विचारलं नव्हतं, हे घरी का नाही सांगितलंत? वहिनी रोज बोलतात तुम्हाला.”

“बोलू दे. तिला कुणाला तरी बोलायला पाहिजेच. मला बोलली तर मी कुठे जातोय? तुम्हाला बोलली तर चौकशी होईल, तुम्हाला त्या खोलीतून उठवतील. मग तो फोन उचलणार कोण? माझ्यासारखे साडेतीनशे आहेत. ताई, झालं ते झालं. आतडं काही परत येत नाही. तुम्ही नका सांगू.”

आणि खरं सांगायचं तर, एक मिनिटभर ताईने ते घेतलं. हातात दिलेला पेला घ्यावा तसं. मिनिटभर तिला वाटलं, खरंच, साडेतीनशे लोक आहेत, आणि हाच म्हणतोय, आणि याच्याहून जास्त हक्क कुणाचा? तिने नवी पिशवी घेतली, मागचा कागद सोलला, नीट बसवली आणि चिकटावी म्हणून तळहात त्यावर ठेवून बसली. तिला किती दिवसांनी जरा श्वास घेता आला.

तेवढ्यात बायको कोमट पाण्याचं भांडं घेऊन आत आली. “झालं का, ताई? बघा, किती त्रास देतोय आम्ही तुम्हाला अजून. मी कालच म्हटलं ह्यांना, ज्यांना फसवलंत त्याच येऊन तुमची घाण काढतायत. जनाची नाही तर मनाची तरी लाज—”

“वहिनी,” ताई म्हणाली.

“नाही, मला बोलू द्या. क्रेन, क्रेन! क्रेनसाठी मला विधवा करायला निघाले होते हे.”

क्रेनवाल्याने मान खाली घातली. ती सवयीने खाली गेली, आणि ताईचा हात अजून त्याच्या पोटावर होता, त्याखाली तिला त्याचा श्वास लहान झालेला कळला.

“वहिनी, त्यांनी मला फसवलं नाही,” ताई म्हणाली. “मी विचारलंच नव्हतं.”

मग तिने सगळं सांगितलं. चार हा आकडा, आपलं ओरडणं, ‘ते एक’ म्हणत असताना तोडलेलं वाक्य, पाच रकाने. उद्या सकाळी मोठ्या डॉक्टरांना हेच सांगणार आहे, हेही सांगितलं. मधे क्रेनवाला दोनदा “ताई, जाऊ द्या” म्हणाला. ती थांबली नाही. बायको भांडं हातात धरून उभी राहिली. पाणी कोमटाचं गार झालं असेल एवढा वेळ.

ती ओरडेल असं ताईला वाटलं होतं. तिने ओरडावं असंही वाटत होतं. पण बायकोने भांडं खिडकीत ठेवलं आणि नवऱ्याजवळ जाऊन पलंगाच्या कडेला बसली.

“तीन आठवडे मी तुम्हाला खोटारडे म्हणतेय,” ती त्याला म्हणाली. “शेजाऱ्यांसमोर म्हटलं. तुमच्या भावासमोर म्हटलं. एकदा तरी उलटून बोलायचं होतंत.”

“तू दमली होतीस,” तो म्हणाला.

तिने त्याच्या पायावरचं पांघरूण उगाचच सारखं केलं. मग ओठ आवळून रडायला लागली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि पोट ओढलं गेल्यामुळे तोंड वेडंवाकडं करत तसाच ठेवला. ताई उठली. हातमोजे काढले, कचरा बांधला, पट्टी, कात्री, डबी आपल्या बॅगेत भरली. तिला कुणी बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

दारापाशी पोचली तेव्हा बायकोने डोळे पुसले आणि न वळता म्हणाली, “ताई, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवा.”

“हो,” ताई म्हणाली.

क्रेनवाल्याने बायकोकडे पाहिलं, मग दाराकडे. आता हा काही तरी म्हणेल, असं ताईला वाटलं. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. दमलेल्या माणसाची साधी काळजी होती. “म्हणजे मला परत पहिल्यापासून सगळं सांगावं लागणार का हो?” त्याने विचारलं. “अकरा वर्षांचं?”

“नाही, नाही,” ताई घाईने म्हणाली. एवढं तरी करता येईल, हे तिला केवढं वाटलं. “जी येईल तिला मी आजच सगळं लिहून देते. तुम्हाला एक शब्द सांगावा लागणार नाही.”

“लिहून नका देऊ,” बायको म्हणाली. “तिला विचारू दे.”

ताईने मान हलवली, दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागली.